‘जस्ट’चा एकोणिसावा अर्थ

२ सप्टेंबर, सोमवार

आज कोश कार्यालयात रुजू झाले. तीन महिने हंगामी, काम पटलं तर कायम. बाबांशी माझं ठरलंय तेही तीन महिन्यांचंच. नोव्हेंबरअखेर कायम झाले नाही तर आईच्या हॉस्पिटलातली नोंदणीची खिडकी. आई तिथे आया आहे आणि मेट्रनबाईंनी ती जागा माझ्यासाठी १ डिसेंबरपर्यंत अडवून ठेवली आहे. तिथे पहिल्या दिवसापासून कायम. नाव, वय, काय होतंय, एवढं लिहायचं. वाईट काम नाही. पण मला शब्दांचं काम करायचंय, आणि ते घरात कुणाला समजावून सांगता येत नाही.

सकाळी बाबांनी सलून उघडल्याउघडल्या माझ्या पदवीच्या फ्रेमवर फडकं फिरवलं. फ्रेम घरी नाही, दुकानात आहे, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर. गिऱ्हाइकाला ती समोरच्या आरशात उलटी दिसते. बाबा म्हणतात, “उलटी दिसली तरी पदवी आहे एवढं कळतं.”

कार्यालय जुन्या टपाल इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, चार माणसं, आता मी पाचवी. आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन राहिलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायचा आहे. काम सुरू होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा खिडकीत लावलेला मनीप्लँट छताला पूर्ण फेरी मारून परत खिडकीशी आलाय. नेमणुकीच्या पत्रात एक ओळ आहे: ‘कार्यालयाची मुदत कोश पुरा होईपर्यंत.’ वाचून भरून आलं. एका पुस्तकासाठी माणसं अशी बांधून घेतात स्वतःला.

मुख्य संपादिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मला एकच शब्द दिला. जस्ट.

“एकच?” मी विचारलं.

“एकच,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सगळे झालेत. अ पासून ह पर्यंत. याच्या जागी चार कोरी पानं सोडली आहेत.”

उपसंपादक चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “एकच शब्द पुष्कळ होतो. पूर्णविराम.” ते आयुष्यभर टायपिस्टला मजकूर सांगत आलेत, त्यामुळे बोलतानाही ‘पूर्णविराम’ म्हणतात. सगळे त्यांना तेच म्हणतात.

शब्द पुरा केला की मी कायम. मी मनात म्हटलं, महिन्याभरात करते.

५ सप्टेंबर, गुरुवार

भिंतीवर नियमांची फ्रेम आहे, खाली समितीच्या अध्यक्षांची सही. तिसरा नियम मला फार आवडला. एका अर्थाला तीन कार्डं लागतात, तीन वेगवेगळ्या तोंडांची. वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. मनाने रचलेलं चालत नाही, कुणाला मुद्दाम बोलायला लावलेलं चालत नाही. कार्डावर तारीख, जागा, कोण कोणाला म्हणालं. म्हणजे कोशातला प्रत्येक अर्थ कुणीतरी खरोखर वापरलेला आहे. किती स्वच्छ काम आहे हे.

पहिला अर्थ, ‘आत्ताच’, सकाळी बसमध्येच मिळाला. “मी जस्ट चढले हो, तिकीट काढतेच आहे.” दुसरा, ‘फक्त’, दुपारपर्यंत. मी मोठ्या बाईंना सांगितलं की या गतीने आठवड्यात संपेल. त्या पूर्णविरामांकडे बघून हसल्या. फार मायाळू आहेत.

९ सप्टेंबर, सोमवार

तिसरा अर्थ शिपाई काकांनी दिला. ते बाकावर मांडी घालून फोनवर काकूंना सांगत होते, “जस्ट निघालोय गं, स्टॉपवरच आहे.” चपला दाराशी होत्या, हातात चहा होता.

मी विचारलं, “काका, लिहून घेऊ? तुम्ही निघाला नव्हता.”

“मनाने निघालो होतो,” काका म्हणाले.

आणखी दोन तोंडं शोधायला वेळ लागला नाही. एक शेजारच्या पासपोर्टच्या फोटोवाल्याचं, एक माझ्या मावशीचं, जिच्या डोक्याला तेव्हा टॉवेल होता. मी अर्थ लिहिला: ‘निघण्याचा विचार पक्का झालेला असणे, पाय अजून बाकावर.’ पूर्णविरामांनी ‘पाय अजून बाकावर’ खोडलं. म्हणाले, कोशात पाय नसतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. सलूनच्या बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसले. आत बसलेलं बाबांना आवडत नाही, गिऱ्हाइकं संकोचतात.

एक गृहस्थ म्हणाले, “जस्ट कडेने घ्या.” बाबांनी त्यांना आरसा मागून दोनदा दाखवला, मग कात्री लावली. त्यानंतर एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, “जस्ट कडेने,” आणि बाबांनी सरळ मशीन फिरवलं. दोघंही खूश होऊन गेले.

मी विचारलं, “वाक्य तेच होतं, मग असं का?”

बाबा म्हणाले, “पहिल्याला केस जायची भीती होती. दुसऱ्याला बापाची. बापाने सांगून पाठवलं असणार, नीट कापून ये म्हणून.”

“शब्दावरून कळतं तुम्हाला?”

“शब्द कुठला. आरशात डोळे दिसतात ना.”

बाबांची शाळा चौथीत सुटली. मी हे दोन वेगळे अर्थ धरलेत. डोळे कार्डावर कसे लिहायचे ते सोमवारी विचारायला हवं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंनी जुना खण उघडून दिला. त्यात ‘जस्ट’चीच कार्डं आहेत, नऊ वेगवेगळ्या अक्षरांतली. माझ्याआधी नऊ जणांना हाच शब्द दिला होता. कुणी सहाव्या अर्थापर्यंत पोचलं, कुणी अकराव्या. एकीने शेवटच्या कार्डाच्या मागे बारीक लिहिलंय, ‘आता पुरे.’

“कुठे गेले सगळे?” मी विचारलं.

“हुशार होते गं,” बाई म्हणाल्या. “मुदत वाढवत राहिलो. मग एकेकाला दुसरीकडे बरं मिळालं.”

नऊ जणांनी अर्धवट टाकलेलं काम माझ्या हाती आलंय. रात्रंदिवस एक करीन.

१ ऑक्टोबर, मंगळवार

इतकी चांगली माणसं एका ठिकाणी असतात यावर माझा विश्वास बसत नाही. मी नऊ अर्थ पुरे केल्याचं सांगितल्यापासून सगळे माझ्यासाठी राबतायत. मोठ्या बाई रोज सकाळी येताना एक नवी शंका आणतात. काल म्हणाल्या, “बस जस्ट चुकली, यात बस किती मिनिटांनी चुकली हे बघायला हवं. एक मिनिट आणि पाच मिनिटं एका अर्थात कसे घालशील?” मी आज दीड तास स्टॉपवर उभी राहून चुकलेल्या बस मोजल्या.

पूर्णविरामांनी माझ्या दुसऱ्या अर्थाचे चार तुकडे केले. मी तीन पुन्हा जोडले तर म्हणाले, “घाई हा कोशकाराचा शत्रू. पूर्णविराम.” किती खरं आहे.

मुद्रितशोधक तर सगळ्यांत जास्त कार्डं आणतात. ते इथे तीन वर्षांपासून आहेत आणि तीच पानं सातव्यांदा तपासतायत. चुका उरल्या नाहीत म्हणून त्यांनी मागच्या वर्षी काही स्वल्पविराम काढले होते. यंदा ते परत घालतायत. मला वाटतं एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या कोशाची कुणी घेतली नसेल. पण त्यांनी आणलेलं कार्ड मला घेता येत नाही, कारण कान त्यांचे असतात. तसं मी सांगितलं. तर म्हणाले, “मग मी तुम्हाला ते ऐकवायला घेऊन जाईन.” आता रोज दुपारी आम्ही पंधरा मिनिटं कुठे ना कुठे ऐकायला जातो. काल फळांच्या गाडीपाशी काहीच ऐकू आलं नाही, पण ते म्हणाले नकारात्मक पुरावाही महत्त्वाचा.

९ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी मुद्रितशोधक आमच्या गल्लीच्या तोंडाशी भेटले. मी विचारलं, “तुम्ही इकडे कसे?”

“जस्ट इकडून चाललो होतो,” ते म्हणाले.

त्यांचं घर नदीपलीकडे आहे. मी लगेच कार्ड काढलं आणि विचारलं की हे वाक्य प्रामाणिक आहे का, कारण त्यावर अर्थ ठरेल. त्यांनी कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, “लिहा, ‘विशेष कारण नसताना’.” मी तसं लिहिलं. मग ते बस पकडायला गेले, उलट्या दिशेने. बारावा अर्थ, पहिलं कार्ड.

१३ ऑक्टोबर, रविवार

आईला बाराव्या अर्थाबद्दल विचारलं. ती भाजी निवडता निवडता इतकी हसली की बाबा दुकानातून आत आले.

“अगं तुझे बाबा,” ती म्हणाली, “आमच्या दारावरून सहा महिने सहज चालले होते. आमच्या गल्लीला पुढे रस्ताच नव्हता.”

बाबा म्हणाले, “पाणी प्यायला आलो होतो.”

“तुला कुणी म्हणालं का हे?” आईने विचारलं.

मी कोण म्हणालं ते सांगितलं. आईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि त्यांचं वय विचारलं. कार्डावर वयाची जागा नाही, असं मी सांगितलं.

त्यानंतर तिने हॉस्पिटलात ऐकलेलं सांगितलं. सुई टोचायच्या आधी डॉक्टर म्हणतात, “जस्ट मुंगी चावल्यासारखं होईल.” एवढं म्हटलं की ती पेशंटचा हात घट्ट धरते. हा अर्थ मी ऐकायला गेले पाहिजे. ‘त्रास होणार आहे हे आधी कळवणे.’

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कार्डांच्या खणाची किल्ली हरवली. काकांनी दोन दिवस शोधली. शेवटी ती त्यांच्याच गळ्यातल्या दोऱ्यात निघाली. काकांना फार वाईट वाटलं असणार, कारण मी “सापडली” म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, “पोरी, तू फार चांगली आहेस. हाच घोटाळा आहे.”

घोटाळा कुठे आहे ते मी सगळ्या कार्डांत शोधलं. सापडला नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

सोळा अर्थ झाले. प्रत्येकाला तीन कार्डं, तीन तोंडं. कधी कधी वाटतं, हा शब्द म्हणजे माणसांनी पांघरलेली चादर आहे. “जस्ट विचारलं” म्हणजे उत्तर आवडलं नाही, प्रश्न परत द्या. “जस्ट मित्र आहे” म्हणजे पुढे विचारू नका. “जस्ट बघ ना” म्हणजे उठ आणि कर. खरं बोलायचं असेल तेव्हा हा शब्द कुणाला फारसा लागत नाही. हे मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “आम्ही अकरा वर्षं हेच बघतोय.” मग त्यांनी मला बजावलं की सतरावा अर्थ सावकाश कर. प्रकृतीला जप.

माझी प्रकृती उत्तम आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

झालं. अठरा अर्थ, चौपन्न कार्डं, साडेतीन पानं. चार कोऱ्या पानांत बरोबर बसतात, खाली थोडी जागा राहते.

मी नोंद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. म्हणाल्या, “चांगली आहे. वाईट एवढंच, की फारच चांगली आहे.” पूर्णविरामांनी खोडायला पेन उघडलं आणि तसंच मिटलं. कुणी डबा उघडला नाही. मला वाटलं माणसं भारावली की असं होत असेल.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांचं पत्र आलं. २९ तारखेला ते स्वतः येणार. ‘जस्ट’ पुरा झाला असेल तर तो पुरा करणाऱ्याला मुख्य कार्यालयात कायम करणार. मी पत्र घरी नेऊन मोठ्याने वाचलं. बाबांनी त्या वेळी खुर्चीत असलेल्या गिऱ्हाइकालाही वाचायला लावलं, अर्ध्या तोंडाला फेस असताना.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी मुद्रितशोधकांनी मला ऐकायला नेलं नाही. जिन्यात थांबवलं.

“तुम्हाला कुणीच सांगितलं नाही म्हणून मी सांगतो,” ते म्हणाले. “तुमच्या पत्रातली ती ओळ. कार्यालयाची मुदत कोश पुरा होईपर्यंत.”

“मला पाठ आहे.”

“मग तिचा अर्थ?”

मी त्या ओळीकडे कधी अर्थासाठी पाहिलंच नव्हतं. ते सांगत गेले. शब्द पुरा झाला की कोश पुरा. कोश पुरा की कार्यालय बंद. मोठ्या बाईंना निवृत्तीला दोन वर्षं आहेत, मधेच बंद झालं तर ती वर्षं पेन्शनला धरली जाणार नाहीत. पूर्णविरामांना या वयात कोण घेणार. काका तर या इमारतीच्या मागच्याच खोलीत राहतात. म्हणून अकरा वर्षं हा एक शब्द नवीन माणसाला द्यायचा आणि त्याला मदत करत राहायची.

“मदत,” मी म्हटलं.

“हो. तीच.”

“आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांत जास्त कार्डं आणलीत.”

“माझं कारण वेगळं होतं,” ते म्हणाले. कोणतं ते सांगितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग म्हणाले, “तुम्ही नोंद द्या. तुम्ही ती खरी केली आहे. फक्त माहीत नसताना द्यायला नको होती.”

मला फार राग आला. आधी त्यांचा, मग सगळ्यांचा. जिना उतरता उतरता माझा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मी मनीप्लँटला पाणी घातलं. दुसरं काही केलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

एक मार्ग होता. दोन कार्डं फाडायची. दोन अर्थ अपुरे राहतात, कुणाला कळत नाही. सकाळी खण उघडून हातात कार्डं घेतली. एक मावशीचं होतं, टॉवेलवालं. दुसरं त्या कॉलेजच्या मुलाचं. ती माणसं खरंच बोलली होती. मी ऐकलं होतं. फाडता आलं नाही.

संध्याकाळी मोठ्या बाईंना म्हटलं, “मला सगळं कळलंय. मी उद्या नोंद देणार आहे. मला खोटं करता येत नाही.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “द्यायचीच, बाळा. आम्ही अकरा वर्षं कुणाला खोटं करायला सांगितलं नाही. फक्त सावकाश करायला सांगितलं.”

घरी बाबांना काही सांगितलं नाही. ते उद्यासाठी माझ्या चपला पॉलिश करत होते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अध्यक्ष अकरा वाजता आले. उंच, इस्त्रीचे, घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधलेलं. आम्ही पाचही जण मोठ्या टेबलाभोवती उभे. मी नोंद पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, आकडे पाहिले, अर्थ वाचले नाहीत.

“छान. म्हणजे कोश संपला,” ते म्हणाले.

त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. छतावरच्या वेलावर ती थांबली. मग ते मोठ्या बाईंकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, “हुकूम वगैरे काही नाही हं, बाई. मी जस्ट सुचवतोय. सोमवारपर्यंत खोल्या मोकळ्या झालेल्या दिसल्या तर बरं पडेल.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “हो सर.” काकांनी गळ्यातला किल्ल्यांचा दोरा काढायला हात घातला.

मी ते वाक्य ऐकलं आणि सवयीने अठरा अर्थांत बसवायला गेले. ‘फक्त’मध्ये बसेना. ‘सहज’मध्ये बसेना. ‘जस्ट विचारलं’च्या जवळ गेलं, पण तिथे समोरच्याला नाही म्हणता येतं. इथे सोमवार ठरलेला होता.

मी म्हटलं, “सर, एक मिनिट. तुम्ही आत्ता जे म्हणालात ते माझ्याकडे नाही.”

“काय नाही?”

“तो अर्थ. एकोणिसावा आहे.”

मी कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोरच लिहिलं. वाक्य, तारीख, जागा, अध्यक्ष मुख्य संपादिकेला. त्यांनी अर्थ वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला: “अधिकारी माणसाने, हुकूम द्यायचा पण त्यावर सही करायची नसताना, त्याआधी लावायचा शब्द.”

अध्यक्षांनी दोन्ही हात मागे बांधले.

“ही स्तुती आहे का?”

“कोशात स्तुती नसते, सर. निंदाही नसते.”

“अधिकारी माणसाने,” ते स्वतःशी म्हणाले. “आणि हे छापून येईल? कोण बोललं तेही?”

“हो सर. तारखेसकट. हुद्दा येईल, नाव नाही.”

“कोश समितीचे अध्यक्ष.” त्यांनी ते हळू म्हणून पाहिलं. आवडलेलं दिसलं. “मग घाला की. घाला आणि संपवा.”

“एकच कार्ड आहे, सर. तीन लागतात. तीन वेगळी तोंडं.”

“मी आणखी दोनदा म्हणतो.”

“तोंड तेच राहील. आणि सांगून बोललेलं चालत नाही.” मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. “तिसरा नियम. खाली तुमची सही आहे.”

त्यांनी सही पाहिली. आपलीच आहे याची खात्री करायला जवळ गेले. परत आल्यावर विचारलं, “असं बोलणारी आणखी दोन माणसं मिळायला किती वेळ लागेल?”

“अशी माणसं फार वरती असतात, सर. आम्हाला त्यांच्या जवळपास उभं राहायला मिळत नाही.”

“ते खरं आहे,” अध्यक्ष म्हणाले. मग घड्याळ पाहिलं आणि मुदत एक वर्षाने वाढवली. जाता जाता दारात थांबून मला म्हणाले, “शब्द पुरा नाही म्हणजे तुमचं मुख्य कार्यालयही नाही. तुम्ही हंगामीच राहाल. कळतंय ना?”

“कळतंय, सर.”

ते जिना उतरेपर्यंत सगळे तसेच उभे होते. मग पूर्णविराम म्हणाले, “ही मुलगी म्हणजे,” आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलंच नाही. ते खाली बसले. मोठ्या बाई चष्मा पुसत राहिल्या. काकांनी चहा ठेवला तो सहा जणांचा ठेवला, घाईत. मुद्रितशोधक दोन कप प्यायले आणि मला म्हणाले, “चाल चांगली खेळलात.”

चाल नव्हती. तो अर्थ खरोखर नवा होता आणि मी अठराही अर्थ मनात फिरवून पाहिले होते. पण ही माझी वही आहे, म्हणून लिहून ठेवते. पंधराव्या अर्थावर, ‘जस्ट बघ ना’वर, मी थोडं जास्त थांबायला हवं होतं. तिथे मी थांबले नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

घरी सांगणं उरलं होतं. सकाळपासून पाच वेळा तोंड उघडलं. शेवटी दुपारी बाबा जेवायला आत आले तेव्हा सगळं सांगितलं, जिन्यापासून दारापर्यंत. कायम झाले नाही, वर्षभर तरी होणार नाही. तीन महिने आज संपले आणि उद्या एक तारीख.

आई म्हणाली, “म्हणजे हातातली कायमची नोकरी सोडलीस, आणि खिडकी?”

“खिडकी तुम्ही म्हणाल तर घेते. शब्द दिला होता.”

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग त्यांनी विचारलं, “काम किती उरलंय?”

“दोन कार्डं.”

“अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक मी अजून कधी उठू दिलं नाही,” बाबा म्हणाले. “कर पुरं. मेट्रनबाईंना तुझी आई सांगेल.”

“मीच सांगायचं का?” आई म्हणाली. पण ओढणी तिने खुंटीवरून तेव्हाच काढली. चपला घालता घालता ती थबकली. “अगं, आमचे मोठे डॉक्टर रोज असंच बोलतात. ‘सिस्टर, मी जस्ट म्हणतोय, आज डबल ड्यूटी केलीत तर.’ आणि ते ऑफिसातले साहेब, तेही तसेच. दोन दिवसांत तुझी दोन्ही कार्डं होतील. चल उद्या माझ्याबरोबर, तुझ्याच कानांनी ऐक.”

मला मोठ्या बाईंची दोन वर्षं आठवली, आणि इमारतीच्या मागची काकांची खोली. नदीपलीकडून रोज या बाजूला येणाऱ्या बसचा नंबरही का कोण जाणे आठवला.

“उद्या नको,” मी म्हटलं.

“का? कामात तर तू नेहमी पुढे.”

“वर्ष आहे ना, आई,” मी म्हणाले. “घाई कशाला?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबा आरशात गिऱ्हाइकाकडे बघतात.